‘माहीत नाही’चे ‘नाही’ होताना

आमच्या शेताच्या १९६३ सालच्या फेरफाराची नक्कल माझ्यापुढे आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या गाव नमुना सहामधली ही नोंद जेमतेम पाच ओळींची आहे. खातेदार अमुक तारखेस मयत. वारस म्हणून दोन मुलगे, दोघेही अज्ञान. त्यांची नावे लावली, ‘अ.पा.क. आई’. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. त्या वेळी माझे वडील चौदा वर्षांचे होते आणि काका अकरा. आजी कागदावर आली ती मुलांची पालक म्हणून, स्वतः वारस म्हणून नव्हे. माझ्या दोन आत्या मात्र कुठेच नाहीत. थोरलीचे लग्न १९५५ साली झाले होते आणि धाकटीचे १९६० साली.

हा कागद मी आयुष्यात अनेकदा पाहिला होता. पण त्याचा अर्थ लागायला एक आडवळण घ्यावे लागले. मी संगणकशास्त्र शिकवतो. तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून मी आमच्याच घरचे कागद दिले. जुने फेरफार, सातबाऱ्याचे उतारे आणि वंशावळ असे सगळे पायथन या भाषेत भरायचे, तिथून ते प्रोलॉग या तर्काच्या भाषेत न्यायचे, वारसांचे हिस्से प्रोलॉगकडून काढून घ्यायचे आणि उत्तर पुन्हा पायथनमध्ये आणून तक्ता छापायचा. काम पंधरा दिवसांचे वाटले होते, ते वर्षभर पुरले. या दोन भाषांमधली ये-जा नीट पाहताना माझ्या लक्षात आले की माझ्या आत्या ज्या रीतीने गळल्या ती रीत संगणकाने शोधलेली नाही. आमच्या जिल्ह्याच्या दप्तरात ती शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे.

दोन भाषा, दोन स्वभाव

प्रोलॉगचा जन्म १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात झाला. अलँ कोलमेरोए आणि फिलिप रुसेल हे तिचे कर्ते. एडिंबरोचे रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या तर्कविषयक विचाराचा तिला पाया होता. कोलमेरोए त्याआधी माँट्रिअलमध्ये यांत्रिक भाषांतरावर काम करत होते आणि मार्सेयलाही त्यांना यंत्राशी फ्रेंचमधून बोलायचे होते. त्यामुळे या भाषेची घडण हिशेबापेक्षा वाक्याच्या जवळची आहे. तिच्यात आपण ‘हे कर, मग ते कर’ असे सांगत नाही. आधी तथ्ये मांडतो: मुलगा(बाबा, आजोबा). मग नियम मांडतो: मृताचा मुलगा तो वारस, मृताची मुलगी ती वारस, मृताची विधवा ती वारस. नंतर फक्त विचारायचे, आजोबांचे वारस कोण? उत्तर शोधणे हे भाषेचे काम.

१९८२ साली जपानने ‘पाचव्या पिढीचे संगणक’ घडवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तोही तर्काच्या भाषेच्या भरवशावर. त्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था ही त्यातली महाराष्ट्रातली केंद्रे. ही लाट विदर्भातल्या महाविद्यालयांपर्यंत आली ती अभ्यासक्रमातल्या एका विषयाच्या रूपाने. नव्वदच्या दशकात आम्ही टर्बो प्रोलॉगवर जो पहिला धडा गिरवला तो वंशावळीचाच होता. आजोबा, नातू, काका, पुतण्या. त्या धड्यात आत्या होती की नव्हती, हे मला आज आठवत नाही.

पायथनचा स्वभाव वेगळा. गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुट्टीत ॲम्स्टरडॅममध्ये ती लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. ही हरकामी भाषा आहे. फाइल उघडणे, तक्ते वाचणे, तारखा सारख्या करणे, अशी पडतील ती कामे ती करते. योगायोग असा की आज सर्वाधिक वापरात असलेल्या प्रोलॉगपैकी एक, एसडब्ल्यूआय-प्रोलॉग, हीसुद्धा ॲम्स्टरडॅमचीच. यान वीलेमाकर यांनी तिचे काम १९८७ साली तिथल्या विद्यापीठात सुरू केले. एका गावच्या दोन लेकी, पण एकीची बोली दुसरीला कळत नाही. त्यांच्यामध्ये दुभाषा लागतो.

दुभाषाचे काम वरवर सोपे दिसते. पायथनमधली यादी प्रोलॉगमध्ये यादीच राहते, संख्या संख्याच राहते, नावाचे शब्दचिन्ह होते. घोळ होतो तो नेमका जिथे दोन्हीकडे गोष्ट सारखी दिसते आणि अर्थ मात्र वेगळा असतो तिथे.

गुंठे आणि मोठी अक्षरे

पहिला घोळ क्षेत्राचा झाला. जुन्या कागदात आमच्या शेताचे क्षेत्र १२.३० असे लिहिले आहे. वाचणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला कळते की हे १२ एकर ३० गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे पावणेतेरा एकर. पायथनने तो दशांश अपूर्णांक समजला, शेवटचे शून्य निरर्थक म्हणून सोडले आणि १२.३ लिहिले. आता हे १२ एकर ३ गुंठे की १२ एकर ३० गुंठे, हे सांगायला काही उरले नाही. खरोखरीचा दशांश धरला तर ते होतात १२ एकर १२ गुंठे. अठरा गुंठे जमीन, म्हणजे १९,६०२ चौरस फूट, एका टिंबात गेली. पूर्वी ज्यांनी एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर केले त्यांना हे टिंब ठाऊक होते. यंत्राला ते सांगावे लागते. क्षेत्र ही एक संख्या नाही, ती दोन संख्यांची जोडी आहे, आणि पलीकडे पाठवतानाही ती जोडी म्हणूनच पाठवायला हवी.

दुसरा घोळ गमतीचा. प्रोलॉगमध्ये रोमन लिपीतला शब्द लहान अक्षराने सुरू झाला तर ते ठरावीक वस्तूचे नाव असते. मोठ्या अक्षराने सुरू झाला तर ते चल होते. बीजगणितातल्या ‘क्ष’सारखे, म्हणजे ‘कोणीही’. एका विद्यार्थ्याने टंकनाचा त्रास नको म्हणून सगळी नावे रोमनमध्ये भरली आणि विशेषनाम म्हणून पहिले अक्षर मोठे काढले. अवतरणचिन्हे घालायची राहिली. झाले, आमच्या घरातला प्रत्येक माणूस ‘कोणीही’ झाला. ‘कोणीही कोणाचाही मुलगा आहे’ हे तथ्य म्हणून नोंदले गेले. मग गावातल्या कुणाचेही नाव घालून विचारले तरी तो आजोबांचा वारस असल्याचे उत्तर येई. एकाने आमच्या बैलाचे नाव घातले, तोही वारस निघाला. वर्गात हशा पिकला.

देवनागरीत हा धोका नाही, कारण आपल्या लिपीत मोठे आणि लहान अक्षर असा भेद नाही. देवनागरी नाव प्रोलॉगच्या लेखी नेहमी ठरावीकच असते. ‘कोणीही’ म्हणायचे असेल तर आधी अधोरेषा द्यावी लागते. मी सगळी नावे देवनागरीत परत भरून घेतली आणि आता सगळे सुरळीत होईल असे समजून निर्धास्त झालो.

रिकामी चौकट

तक्ता भरताना फेरफारात ज्यांचा उल्लेख नाही त्यांच्यासमोरची ‘वारस नोंद’ ही चौकट मुलांनी रिकामी सोडली होती. त्यांचे काही चुकले नव्हते. पायथनमध्ये रिकामेपणासाठी एक स्वतंत्र मूल्य आहे. त्याला ‘नन’ म्हणतात, अर्थ ‘काहीही नाही’. ‘नाही’ या उत्तरासाठी दुसरे मूल्य आहे. म्हणजे ‘उत्तर आलेले नाही’ आणि ‘उत्तर नाही असे आले आहे’ या दोन गोष्टी पायथनला निरनिराळ्या ठेवता येतात.

प्रोलॉगमध्ये तथ्य असते किंवा नसते. रिकाम्या चौकटीचे तथ्य काय करणार? आमच्या दुभाषा कार्यक्रमाने ती चौकट गाळली. आत्यांबद्दल एकही वाक्य पलीकडे गेले नाही. पलीकडे प्रश्न विचारला, धाकटी आत्या वारस आहे का? सिद्ध करता येत नाही, म्हणून प्रोलॉगने उत्तर दिले, नाही. ते उत्तर परत पायथनमध्ये आले आणि तक्त्यात ठसठशीत छापले गेले: वारस – नाही.

जाताना ‘माहीत नाही’ होते, येताना ‘नाही’ झाले. मधल्या वाटेत ‘माहीत’ हा शब्द तेवढा गळला.

प्रोलॉगची ही रीत चूक नव्हे, ती जाणूनबुजून स्वीकारलेली आहे. १९७८ साली तर्क आणि माहितीसाठे या विषयावरच्या एकाच ग्रंथात दोन निबंध प्रसिद्ध झाले. कीथ क्लार्क यांनी सिद्ध न होणे म्हणजे नकार मानण्याची शिस्त मांडली, तर रेमंड रायटर यांनी ‘बंदिस्त जगा’चे गृहीतक मांडले. साठ्यात जे नाही ते खोटे, असे हे गृहीतक. रेल्वेच्या वेळापत्रकाला ते चपखल बसते. पहाटे तीनची गाडी छापलेली नाही, म्हणजे ती गाडी नाही. कोणी ‘कदाचित असेलही’ म्हणून फलाटावर थांबत नाही. वेळापत्रक पूर्ण असते म्हणून हे चालते. फेरफाराचे पुस्तक तसे पूर्ण असते का?

या गृहीतकाला आणखी दोन सोबती आहेत. एक, निरनिराळी नावे म्हणजे निरनिराळी माणसे. दुसरे, यादीत जेवढी नावे आहेत तेवढेच जग. तिन्ही गृहीतके माझ्या आत्यांवर एकदमच येऊन पडली. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते आणि पुष्कळदा तिचे स्वतःचे नावही बदलते. धाकट्या आत्याच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आहे आणि आधार कार्डावर दुसरे. दोन्हींत एकही शब्द समान नाही. प्रोलॉगच्या दृष्टीने त्या दोन बायका. त्या एकच आहेत हे सांगायला तिसरे तथ्य लागते, आणि ते कुठल्याही दप्तरातून आपोआप निघत नाही. त्यासाठी कोणीतरी माणसाने शपथेवर सांगावे लागते. तहसिलीच्या आवारात ‘एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र’ लिहून घेणाऱ्यांची रांग लागते ती याचसाठी. तिथे बायका जास्त का दिसतात, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता.

दप्तरांची भाषांतरे

आता थोडे जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळतो. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०२ साली ते कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. आजचा यवतमाळ जिल्हा आधी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली पुसद तालुका जोडून तो यवतमाळ झाला. जुन्या आणि नव्या कागदांचा साठा एकत्र केला तर यंत्र विचारते, वणी आणि यवतमाळ हे दोन जिल्हे ना? माझ्या आत्यासारखेच जिल्ह्याचेही माहेरचे नाव वेगळे.

पुढे हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात आला, मग मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्य बदलले तरी जमीनमहसुलाचा कायदा लगेच बदलला नाही. विदर्भात १९५४ सालची मध्य प्रदेशची महसूल संहिताच चालू राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची, ती अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ रोजी. म्हणजे आजोबा वारले तेव्हा आमचे गाव महाराष्ट्रात होते आणि आमचे दप्तर मध्य प्रदेशच्या कायद्याखाली. नंतर जुन्या रकान्यांतली माहिती नव्या नमुन्यांत उतरवली गेली. पुढे एकरांचे हेक्टर झाले, हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर आला. प्रत्येक वेळी हे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणेच होते, आणि प्रत्येक वेळी नियम एकच होता: आधीच्या कागदावर जे आहे ते जसेच्या तसे पुढे न्या. नियम प्रामाणिक आहे. पण जे आधीच्या कागदावर नव्हते त्याची चौकशी करण्याचे काम कोणत्याच टप्प्यावर कोणाकडेही नव्हते. १९६३ साली कुणी न विचारलेला प्रश्न अशा रीतीने दर बदलागणिक अधिक पक्के उत्तर होत गेला.

कायदा मात्र वेगळे सांगत होता. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. आजोबांनी शेत स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि मृत्युपत्र केले नव्हते. अशा वेळी विधवा, मुलगे आणि मुली या पहिल्या वर्गातल्या वारसांना प्रत्येकी सारखा हिस्सा मिळतो. आजी, दोन मुलगे, दोन मुली असे पाच वारस, प्रत्येकी एक पंचमांश. आजी १९७९ साली गेली, तिचा पंचमांश चौघा मुलांत सारखा वाटला जातो. म्हणजे शेवटी प्रत्येकाचा एक चतुर्थांश. मुलगी लग्न होऊन गेली की हक्क संपतो असे त्या कलमात कुठेही नाही. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली झाली, तो प्रश्न निराळा. आमच्या शेताला तिची गरजच नव्हती, १९५६चाच कायदा पुरेसा होता.

आणि नोंदीबद्दल कायदा काय म्हणतो? महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. म्हणजे कायद्याचे जग बंदिस्त नाही. ‘सध्या असे धरू, उलट पुरावा आला तर बदलू’ असे ते म्हणते. बंदिस्त आहे ते आपल्या व्यवहाराचे जग. पीककर्जाला बँक सातबारा मागते, अनुदानाला सातबारा, पीकविम्याला सातबारा. आमच्या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतर मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवतानाही जमीन कोणाच्या नावावर, हे पाहिले जाते. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बाईचे नाव उताऱ्यावर नसेल तर ती शेतकरी नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकांच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, ते याच चौकटीवर बोट ठेवून.

तिसरे उत्तर

कायदा प्रोलॉगमध्ये मांडण्याचा गाजलेला प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. १९८१चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा कोवाल्स्की, मारेक सर्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियमांच्या रूपात लिहिला. त्यावरचा निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्या कायद्यात टाकून दिलेल्या नवजात बालकाची एक तरतूद आहे. देशात सापडलेले मूल, उलट सिद्ध न झाल्यास, तिथेच आणि नागरिक किंवा तिथे स्थायिक असलेल्या पालकापोटी जन्मल्याचे मानायचे. इथेही ‘माहीत नाही’चे एक निश्चित उत्तर केले आहे. फरक इतकाच की ते कोणत्या बाजूने करायचे हे कायदा करणाऱ्यांनी समोर बसून, विचार करून ठरवले, आणि बाळाच्या बाजूने ठरवले. आमच्या तक्त्यात ते कोणीच ठरवले नव्हते. रिकामी चौकट गाळणाऱ्या एका ओळीने ते ठरवून टाकले होते.

दुभाषाने तिसरे उत्तर सांभाळून आणावे, अशी सोय आता आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक इथे घडलेली एक्सएसबी ही प्रोलॉग खरे, खोटे आणि अनिर्णित अशी तीन उत्तरे देऊ शकते. थेरेसा स्विफ्ट आणि कार्ल अँडरसन यांनी पायथनशी जोडणारा ‘जेनस’ हा पूल तिच्यासाठी बांधला. २०२३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तो एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्येही आला. दोन तोंडांच्या रोमन देवाचे नाव त्याला दिले आहे. या पुलावरून उत्तर परत येताना त्याच्यासोबत सत्यतेचा शेरा येतो आणि तो शेरा ‘अनिर्णित’ असू शकतो.

पण शेरा आपोआप उमटत नाही, आधी आपण माहिती तशी भरावी लागते. आम्ही रिकामी चौकट बंद केली. प्रत्येक माणसापुढे चारांपैकी एक लिहायचे ठरवले: वारस म्हणून नोंद आहे, नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे, मृताच्या आधी निधन झाले, विचारलेले नाही. शेजारी दोन रकाने, कोणत्या कागदावरून आणि कोणाच्या सांगण्यावरून. हिस्से दशांशात न मांडता अपूर्णांकात ठेवले, कारण एक तृतीयांशाचे ०.३३ केले की तिघांची बेरीज एक होत नाही आणि बांधावर भांडण होते. ‘विचारलेले नाही’ असलेला एक जरी माणूस सापडला तर कार्यक्रमाने हिस्से छापायचे नाहीत, त्या माणसाचे नाव छापायचे.

नव्याने चालवल्यावर कार्यक्रमाने दोन नावे छापली. दोन्ही आत्यांची.

थोरली आत्या आता नाही, तिची मुले आहेत. धाकटी ब्याऐंशी वर्षांची आहे. मी तो कागद घेऊन तिच्याकडे गेलो. हक्कसोडपत्रावर कधी सही केली होती का, असे विचारले. तिने कधीच कशावर सही केली नव्हती आणि तिला कोणी कधी विचारलेही नव्हते. मग म्हणाली, “कागदावर नाव नाई म्हनून मी बापाची लेक नाई काय रे?”

बाबांना हे सांगणे अवघड होते. त्यांनी साठ वर्षे ते शेत कसले, कर्ज फेडले, काकांचे शिक्षण केले, दोन्ही बहिणींची बाळंतपणे आणि भाऊबीज सांभाळली. त्यांच्या हिशेबात बहिणींचे देणे बाकी नव्हते. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी वारसाच्या चार पर्यायांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला आणि एवढेच विचारले की बहिणींपुढे यातले काय लिहू. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी दोनदा वाचल्या. “विचारलं नव्हतं, हे खरं आहे,” ते म्हणाले.

वारसनोंदीचा अर्ज आम्ही दिला आहे. त्यावर बाबांची सही पहिली आहे, काकांची दुसरी. धाकट्या आत्याच्या दोन नावांचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. प्रकल्पाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे अजून ‘अनिर्णित’ आहे, आणि नोंद होईपर्यंत ते तसेच ठेवायला मी मुलांना सांगितले आहे.